त्या गवताच्या उजवीकडचं गवत

पक्षी दाखवणारा माणूस मुळातच उतावीळ असतो. तो अमेरिकेतल्या नेब्रास्कात असला तर त्याचे हालच असतात, कारण बोट कशाकडे दाखवायचं हा इथे मोठाच प्रश्न आहे. सह्याद्रीत बरं असतं. "ती वठलेली फांदी दिसते? तिच्या खाली दोन बोटं," एवढं सांगितलं की भागतं. इथे फांदी नाही, कारण झाडच नाही. गवत आहे. गवतामागे गवताची टेकडी आहे आणि टेकडीमागे काय असेल याची फारशी उत्सुकता ठेवायची नसते. माझी बायको डोळ्यांवरची दुर्बीण न हलवता म्हणते, "ते पिवळट गवत दिसतंय ना? त्याच्या उजवीकडे जरा जास्त पिवळट आहे बघ. तिथेच."

मी बघतो.

"दिसला?"

"कोण?"

"जाऊ दे. बसला खाली."

यावर पक्षीवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे घड्याळ. समोर बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ. पण बारा कुठे हे आधी ठरवावं लागतं, आणि गाडीचं तोंड, बायकोचं तोंड आणि माझं तोंड या तीन गोष्टी एका दिशेला क्वचितच असतात. माझे सासरे आमच्याबरोबर होते तेव्हा ती एकदा ओरडली, "साडेदहा, साडेदहा!" अण्णांनी मनगट वर केलं आणि शांतपणे सांगितलं, "अगं, अजून आठ पण नाही वाजले."

दोष पक्ष्यांचाही आहेच. माळावरचे हे पक्षी, ज्यांची माणसं शिकार करतात, म्हणजे प्रेअरी चिकन, शार्पटेल ग्राउस, बॉबव्हाइट, फेजंट, सगळे जमिनीवर राहणारे. बहुतेकांचा रंग गवताचा. संकट आलं की हलायचं नाही, हे त्यांचं एकमेव धोरण. तुम्ही चालत जाता, तो बसून असतो. तुम्ही आणखी जवळ जाता, तो बसूनच असतो. तुमचा बूट त्याच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर आला की मात्र त्याचं धोरण बदलतं. फेजंटचा नर तर फडफडाट आणि आरडाओरडा एकदमच करतो, आणि तोही आपल्या दोन पायांच्या मधून. त्या क्षणी पक्षी बघितला असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. त्या क्षणी आकाश दिसतं, कारण आपण उताणे असतो.

फेजंटविषयी माझ्या मनात वेगळीही अढी आहे. हा पक्षी मूळचा इथला नाही. अमेरिकेचे शांघायमधले वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१ च्या सुमारास चीनमधून ओरेगनला पाठवले आणि तिथे त्यांचं बस्तान बसलं. पुढे ते जागोजागी सोडले गेले. आमच्या शेजारच्या साउथ डकोटात १९१९ मध्ये त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला आणि १९४३ मध्ये त्या राज्याने फेजंटला चक्क राज्यपक्षी करून टाकलं. म्हणजे आशियातून यायचं, मक्याच्या शेतात फुकट जेवायचं आणि साठेक वर्षांत राज्याचं मानचिन्ह व्हायचं. मी रीतसर व्हिसावर आलो, कर भरतो, मका तर विकत घेतो, आणि माझं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. अर्थात मानचिन्ह झाल्यावरही दर हिवाळ्यात त्याला गोळ्या घालतात, तेव्हा रांगेतच बरा आहे मी. त्या दिवसांत आम्ही गवतात जातो तेव्हा बायको मला झगझगीत केशरी टोपी आणि केशरी जाकीट घालायला लावते. शिकाऱ्याला आपण पक्षी वाटू नये म्हणून. मैलभरावरून पक्ष्याला आपण दिसतो, शिकाऱ्याला दिसतो, फक्त आपल्याला काही दिसत नाही.

तर अण्णा. अण्णा बार्शीचे. उभी नोकरी कृषी खात्यात झाली, सोलापूर जिल्ह्यातला एकही माळ तुडवायचा राहिलेला नाही. ते एप्रिलमध्ये ओमाहाला आमच्याकडे आले तेव्हा माझ्या मनात नायगारा होता. लोक सासऱ्यांना नायगारा दाखवतात, न्यूयॉर्क दाखवतात, निदान डिस्ने तरी. त्यांच्या मुलीने ठरवलं, चेरी काउंटी.

चेरी काउंटीचं क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं आहे. लोकसंख्या साडेपाच हजार. कोथरूडच्या दोन-तीन मोठ्या सोसायट्या रिकाम्या केल्या तर अख्खी काउंटी भरेल आणि पार्किंगचा वाद उरणार नाही. ओमाहाहून तिथल्या व्हॅलेंटाइन गावापर्यंत तीनशे मैल. वाटेत समोरून एखादी पिकअप येते, तिचा चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. हा इथला रामराम. अण्णांना ही पद्धत कोरडी वाटली. ते शेजारच्या सीटवरून प्रत्येकाला दोन्ही हात जोडून नमस्कार करत होते. एका म्हाताऱ्याने तर गाडी हळू केली, आपलं काही पंक्चर वगैरे झालंय की काय ते बघायला.

तारेच्या खांबांवर मेडोलार्क बसलेले असतात. पिवळी छाती, त्यावर काळा पट्टा, गळा गोड. हा एकच पक्षी मला कुणाच्या मदतीशिवाय दिसतो. नेब्रास्काचा राज्यपक्षी आहे. कॅन्सस, मॉन्टाना, वायोमिंग, नॉर्थ डकोटा आणि ओरेगन यांचाही तोच. सहा राज्यांना एकच पक्षी निवडावासा वाटला यामागचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं: तो खांबावर बसतो आणि समितीच्या सगळ्या सदस्यांना एकाच वेळी दिसतो.

गवतात दिसणाऱ्या बाकीच्या गोष्टींचं तसं नाही. या भागात सर्वांत जास्त संख्येने आढळणारी ग्राउस म्हणजे वाळलेलं शेण. नेब्रास्कात माणसांपेक्षा गुरं कितीतरी जास्त, त्यामुळे पुरवठा भरपूर. आकार तोच, रंग तोच, न हलण्याचं धोरणही तेच. मी मोठ्या आशेने दुर्बीण लावावी, श्वास रोखावा, आणि मागच्या सीटवरून बायकोने न बघता म्हणावं, "शेण." अण्णांना हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळत होता. "ते शेण. ते पण शेण. त्याच्या मागचं जरा ताजं आहे. आणि ते डावीकडचं मान वर काढतंय, ते बघा." ते शार्पटेल निघालं. मला दिसलं नाही, पण त्या दोघांना दिसलं. कुटुंबाच्या दृष्टीने ते मोजलं जातं.

खरा कार्यक्रम, म्हणजे प्रेअरी चिकनचा नाच, दुसऱ्या दिवशी पहाटेचा. गुरांच्या एका रँचवर, माळावरच्या एका उंचवट्याशी जुनी पिवळी स्कूलबस उभी करून ठेवलेली, तिला बसून बघण्याइतक्या फटी. उजाडण्याआधी तासभर अंधारात आत जाऊन बसायचं. बोलायचं नाही. हलायचं नाही. पक्षी आपणहून निघून जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही, म्हणजे सूर्य उगवल्यावरही तास-दीड तास. तापमान शून्याच्या खाली. बसच्या मागच्या टोकाला पडदा आणि पडद्याआड एक बादली. यजमानांनी ती दाखवली तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांना मधुमेह आहे आणि पहाटेचे दोन चहा झालेले होते. त्यानंतरच्या तपशिलात मी जात नाही. एवढंच सांगतो की शून्याखालच्या शांततेत पत्र्याच्या बादलीचा आवाज फार लांब जातो, आणि आमच्यासोबत मिनेसोटाचं जे वृद्ध जोडपं होतं त्यांनी अत्यंत सभ्यपणे टोप्या कानांवर ओढून घेतल्या.

मग अंधारातच आवाज सुरू झाला. ऊऽऽ-वू-वूऽऽ. खोल, घुमणारा, नक्की कुठून येतो ते न कळणारा. शांत पहाटे तो मैलभर ऐकू जातो. उजाडायला लागलं तसे दिसायला लागले. होय, मलासुद्धा. गवत आखूड असलेल्या तेवढ्या तुकड्यावर प्रेअरी चिकनचे नर जमले होते. मानेवरची लांब पिसं उभी करायची, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवायच्या, मान खाली, शेपूट वर आणि पाय इतक्या वेगात आपटायचे की जमिनीवर ठोके ऐकू यावेत. आवाज संपला की शेजाऱ्याच्या अंगावर उडी. दोघं समोरासमोर बसून एकमेकांना डोळे दाखवतात, मग एकदम हवेत, मग पुन्हा आपापल्या जागी. मार्चपासून मेपर्यंत रोज पहाटे हेच, आणि वर्षानुवर्षं बहुधा त्याच जागी. प्रत्येकाचा आपला काही पावलांचा तुकडा आणि त्याच्या हद्दीवरून मारामारी.

अण्णा फटीला डोळा लावून बराच वेळ बघत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बांधाचं भांडण आहे हे."

"अण्णा, शूऽऽ."

"नाही, मी म्हणतो मोजणी आणा. तो कडेचा बघा, चांगला हातभर आत सरकलाय."

कोंबड्या आल्या आणि भांडणाला ऊत आला. त्या मात्र भलत्याच शांत. दाणे वेचल्यासारखं करत सगळ्यांच्या हद्दीतून फिरतात, कुणाकडे नीट बघतसुद्धा नाहीत, आणि शेवटी बहुतेक जणी मधल्या एखाद-दुसऱ्या नरालाच पसंत करतात. बाकीचे रोज अंधारात उठून, थंडीत पाय आपटून, मार खाऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मला त्या कडेच्या पक्ष्यांबद्दल फार आपुलकी वाटली. मला त्यांच्याकडे दुर्बिणीतून बघायचं होतं, पण ते इतके जवळ होते की दुर्बिणीत फोकस होईना. आठशे डॉलरची दुर्बीण. चार महिने मैलभर लांबच्या शेणावर ती अप्रतिम चालली.

आणि मग टपावर काहीतरी बसलं. धप्. सगळ्यांनी वर बघितलं. पत्रा होता. त्या पत्र्यावर, आमच्या डोक्यापासून दीड फुटावर, एक नर जोमाने पाय आपटायला लागला. टाप-टाप-टाप-टाप. मग ऊऽऽ-वू-वूऽऽ. बसच्या आत सगळं हादरत होतं. इतका जवळचा प्रेअरी चिकन आमच्यापैकी कुणीच कधी अनुभवला नव्हता, आणि बघू कुणीच शकत नव्हतं. बायकोची तगमग बघवत नव्हती. मी अत्यंत हलक्या आवाजात विचारलं, "दिसला?"

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मात्र मला स्पष्ट दिसलं.

पक्षी गेल्यावर बाहेर आलो तर अण्णा खाली बसून माती चोळत होते. हाताला नुसती वाळू. हे सँडहिल्स म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर. १९०४ मध्ये सरकारने किंकेड कायदा करून इथे येणाऱ्याला माणशी ६४० एकर जमीन द्यायला सुरुवात केली. लोक आले, नांगर घातला, आणि वाऱ्याने शेतं उडून जाऊ लागली. बहुतेकांनी जमिनी रँचवाल्यांना विकून काढता पाय घेतला. म्हणून गवत राहिलं, म्हणून हे पक्षी राहिले. जिथे जमीन चांगली होती तिथून ते गेले. इलिनॉयमध्ये लाखांनी होते, आता नावापुरते. पूर्व किनाऱ्यावरची त्यांची भावकी, हीथ हेन, तर साफच संपली. शेवटचा एक नर एका बेटावर उरला होता, तो १९३२ नंतर कुणाला दिसला नाही.

"हलकं रान," अण्णा हात झटकत म्हणाले. "नान्नजचा माळ असाच. हलकं म्हणून कुणी फिरकायचं नाही, तोवर माळढोक होता. तो पण नाचायचा. गळ्याखाली पिशवी सोडून." आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. अण्णांच्या तरुणपणी तो दिसायचा आणि बातमी यायची नाही. "पाणी आलं, ऊस आला," ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "आमच्याच खात्याने आणला."

त्यावर कुणी काही बोललं नाही. बायकोने थर्मासमधला चहा ओतला, त्यांना बिनसाखरेचा.

परतताना फोर्ट नायोब्रारा अभयारण्यात गेलो. तिथे बायसन आहेत. बायसन मला दिसला. टनभर वजनाचा असल्यावर दिसतो. प्रेअरी डॉगचं गाव आहे. कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला, बिळाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडणारा. अण्णा म्हणाले, "याला आमच्याकडे औषध टाकतात." इथेही टाकायचे, असं बायकोने सांगितलं, आणि त्यामुळे त्यांना खाऊन जगणारं काळ्या पायांचं फेरेट जवळजवळ नाहीसंच झालं होतं. पुढे रस्त्याकडेला प्रॉन्गहॉर्न. अण्णांनी त्याला काळवीट जाहीर केलं आणि दुरुस्ती ऐकून घेतली नाही. ताशी ८८ किलोमीटरपर्यंत धावतो, बायको म्हणाली. इथला कुठलाही शिकारी प्राणी एवढ्या वेगाने धावत नाही. पूर्वी इथे चित्त्यासारखं एक जनावर होतं, ते हजारो वर्षांपूर्वी संपलं. याचा वेग तेव्हापासूनचा असावा म्हणतात.

"मग आता कशाला पळतंय?" अण्णांनी विचारलं.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा बार्शीहून अण्णांच्या थोरल्या भावाचा, तात्यांचा, फोन आला. अण्णा फोनवर नेहमी स्पीकर लावतात आणि तरीही ओरडून बोलतात.

"काय बघितलं मग अमेरिकेत?"

"कोंबड्या!"

"काय?"

"कोंबड्या, कोंबड्या! पाचशे किलोमीटर जाऊन. पहाटे चारला उठून बसमध्ये बसलो."

"बस कुठे गेली?"

"कुठे नाही. बस जागेवरच होती."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "मग? चवीला कशा होत्या?"

"खाल्ल्या नाहीत. नुसत्या बघितल्या."

"किती पैसे घेतले?"

अण्णांनी पंपावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, फोन माझ्या हातात दिला आणि ते पाय मोकळे करायला निघून गेले.