येशू झोपला होता, तेही वाचा की

चर्चमध्ये ‘पहाटे उठा’ हा संदेश ऐकला की हल्ली माझ्या कपाळाला आठी पडते.

बायबलचा पाठ ठरलेला. मार्कचं शुभवर्तमान, १:३५. येशू अंधार असतानाच उठला, एकांतात गेला, प्रार्थना करू लागला. पाठोपाठ प्रश्न येतो : तुम्हाला प्रभूसाठी दिवसातला एक तास काढता येत नाही? समोरच्या बायका माना खाली घालतात. त्यांच्यात कुणी विड्या वळणारी असते, कुणी टॉवेलच्या कारखान्यात जाणारी, कुणी माझ्यासारखी हॉस्पिटलातली सिस्टर, नाइट करून घरी न जाता तशीच उपासनेला आलेली. पहाटे चारला आम्ही जाग्याच असतो हो, सलाइन बदलत असतो. आणि ड्यूटी नसेल त्या रात्री नेमकी पाण्याची पाळी. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी सोडून ‘मी एकांतात आहे’ म्हणणारी बाई सोलापुरात अजून जन्मायची आहे.

त्याच शुभवर्तमानात पुढं ४:३८ ला येशू झोपलाय. मचव्याच्या मागच्या भागात, उशाला उशी घेऊन, वादळ चालू असताना. दिवसभर समुद्रकाठी लोकांना शिकवून दमलेला माणूस. या उताऱ्यावर मी कितीतरी संदेश ऐकले. सगळे शिष्यांच्या अल्पविश्वासावर नाहीतर वादळ शांत करण्यावर. तो झोपला होता, इकडं कुणाचं लक्षच जात नाही. पहाटेचा येशू आम्हाला कामाला लावायला सोयीचा पडतो, झोपलेला पडत नाही.

एलीयाचं घ्या. जुन्या करारातलं १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावरचं एवढं मोठं काम करून आलेला संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता मला मरण दे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी पुढं ठेवतो. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगर आणि तिथं ऐकलेली देवाची मंद वाणी त्यानंतरची, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावरची. आधी झोप आणि भाकर, मग चिंतन, हा क्रम मला वॉर्डात रोज दिसतो. रात्रभर जागलेल्या उपाशी नातेवाइकाला डॉक्टर काय सांगून गेले ते विचारा, त्याला एक शब्द आठवत नाही. त्याला चहा-बिस्किट द्यावं लागतं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. आपण मात्र दमलेल्या माणसाच्या हातात आधी पवित्र शास्त्र देतो आणि त्याचं मन लागत नाही म्हणून त्याच्यासाठी प्रार्थनेची विनंती टाकतो.

आता आपला रविवार बघा. सकाळी संडेस्कूल, मग उपासना, मग चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची नाहीतर महिला मंडळाची सभा, दुपारी गायनाचा सराव, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. कापणीचा सण जवळ आला की विचारूच नका, आणि डिसेंबरात तर घर आपलं राहतच नाही. एकेक कार्यक्रम चांगलाच आहे, माझं भांडण कुठल्याच एकाशी नाही. पण सोमवारी कामावर जाताना माणूस शनिवारपेक्षा जास्त थकलेला असेल तर त्या दिवसाला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कुठल्या तोंडानं म्हणायचं?

शब्बाथाची आज्ञा शास्त्रात दोनदा येते आणि कारणं वेगवेगळी आहेत. निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात कारण हे की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात कारण हे की तू मिसरात दास होतास, ते विसरू नकोस. म्हणून तुझ्या दास-दासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. हे दुसरं कारण गिरणगावात वाढलेल्या माणसाला लगेच कळावं. माझ्या आजोबांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. त्या भोंग्यातून मोकळा रविवार कामगाराला दिला कुणी? नारायण मेघाजी लोखंड्यांनी, फुल्यांच्या सत्यशोधक माणसानं. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत रेसकोर्सवर गिरणी कामगारांची प्रचंड सभा झाली, तिथं कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या, आणि १० जूनला मुंबईच्या मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही लोखंडे म्हणत, असं सांगतात. म्हणत असतील तर म्हणू देत. अनुवाद ५ चं काम त्यांनी केलं आणि आपण तो मिळालेला दिवस पुन्हा कार्यक्रमांनी भरून टाकला.

‘मोकळा वेळ दिला तर लोक मोबाइलच बघत बसतील,’ असं आमचे एक वडीलधारे म्हणाले. बघतील काही जण. काही जण झोपतील, आणि बरंच होईल. पण काहींना खरंच गप्प बसायचंय आणि जागा नाही. आपल्या खोलीत जा, दार लाव, असं प्रभू म्हणतो (मत्तय ६:६). पण दोन खोल्यांत सहा माणसं आणि भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट, यात कुठली खोली आणि कुठलं दार? मी स्वतः कधी कधी ड्यूटीवरून सुटल्यावर कंबर तलावाकाठी जाऊन बसते. प्रार्थना होतेच असं नाही, नुसती बसते. तेवढ्यात महिला मंडळाच्या ग्रुपवर ‘सिस्टर कुठं आहात’ सुरू होतं. मार्क १ मधल्या त्या पहाटे येशूला शोधत आलेला शिष्य शिमोनही तेच म्हणाला होता ना, ‘सर्व लोक तुझा शोध करत आहेत.’ येशू त्यावर कफर्णहूम गावी माघारी गेला नाही, दुसऱ्या गावांना जाऊ म्हणाला. पहाटेच्या संदेशात ही ओळ वाचायची राहून जाते.

तर पुढच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. महिन्यातला एक रविवार उपासनेनंतर पूर्ण मोकळा ठेवायचा; सभा नाही, सराव नाही, घरभेट नाही. आणि आठवडाभर कुलूप असलेलं आपलं चर्च उन्हाळ्यात दुपारी उघडं ठेवायचं, पंखे चालू, माइक बंद. बेचाळीस अंशात ज्याला कुठं टेकायला जागा नाही त्यानं येऊन बसावं, डोळा लागला तर लागू द्यावा, कुणी उठवायला जायचं नाही. विजेच्या बिलाचं निघणार, मला माहीत आहे. नाताळच्या रोषणाईचं बिल सोबत घेऊनच येणार आहे मी.

सभा किती लांबेल सांगता येत नाही. त्या दिवशीचा चहा मात्र पंचांनी करावा.