कार्ट पाथवरचा चेंडू आणि ‘दोन क्लब’चा गैरसमज

“चेंडूच्या आड कोणतीही मानवनिर्मित वस्तू आली की दंडाशिवाय तो उचलावा आणि दोन क्लब-लेंथच्या आत सोयीच्या जागी ड्रॉप करावा,” असा सल्ला गोल्फ खेळणाऱ्यांच्या मोबाइलवर फिरत असतो. क्लब म्हणजे गोल्फची काठी, क्लब-लेंथ म्हणजे तिच्या लांबीइतके अंतर, आणि ड्रॉप म्हणजे चेंडू हातातून सोडणे. नवशिक्यांना तो आवडतो, यात नवल नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो.

‘कोणतीही’ हा पहिला घोटाळा. मैदानाची हद्द दाखवणारे कुंपण किंवा पांढरे खुंट नियमांच्या लेखी अडथळा नाहीतच. स्विंगला आड येतो म्हणून असा खुंट उपटून फटका मारला, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड बसतो. बंकरमधला (वाळूच्या खड्ड्यातला) दाताळा किंवा पडलेली बाटली मात्र कुठेही खुशाल बाजूला करावी, पेनल्टी एरियातही (पाणी वगैरे असलेल्या, खुणा करून आखलेल्या भागातही). न हलणाऱ्या अडथळ्यापासून मात्र पेनल्टी एरियात फुकट रिलीफ, म्हणजे चेंडू उचलून दुसरीकडे ड्रॉप करण्याची मुभा, मिळत नाही.

दोन क्लब-लेंथ हे माप लाल खुणांच्या पेनल्टी एरियाचे किंवा अनप्लेएबल (खेळाडूने खेळता न येण्याजोगा ठरवलेल्या) चेंडूचे आहे, आणि तिथे एक फटका दंड मोजावा लागतो. कार्ट पाथसाठी, म्हणजे गोल्फ गाड्यांच्या पक्क्या वाटेसाठी, एकच क्लब-लेंथ मिळते, तीही चेंडूपासून नव्हे, तर अडथळ्यातून पूर्ण सुटका होणाऱ्या, होलच्या जवळ न जाणाऱ्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून. हा बिंदू आपण पसंत करायचा नसतो, शोधायचा असतो. चेंडू पाथच्या मधोमध असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बिंदू बहुधा डावीकडे निघतो, कारण उजवीकडे गेल्यास पाय पाथवरून सुटण्यासाठी चेंडू बराच दूर न्यावा लागतो. डावीकडे काटेरी झुडूप असले तरी बिंदू तोच राहतो. म्हणून उचलण्याआधीच नीट पाहावे. उचलून मग परत ठेवला, तर एक फटका गेला.

राहिला ‘आड’ हा शब्द. चेंडू अडथळ्यावर किंवा त्याला टेकून असेल, अथवा स्टान्स (उभे राहण्याची जागा) किंवा स्विंग अडत असेल, तरच रिलीफ मिळतो. समोर रेषेत बाक दिसतो म्हणून नाही. अपवाद ग्रीनवरच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरच्या) चेंडूचा, मग अडथळा ग्रीनवर असो वा ग्रीनबाहेर. २०१७च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत रॉयल बर्कडेलच्या तेराव्या होलवर जॉर्डन स्पीथला रेषेतल्या ट्रकांपासून रिलीफ मिळाला, हे उदाहरण इथे हटकून दिले जाते. तो स्पर्धेपुरत्या उभारलेल्या अडथळ्यांच्या स्थानिक नियमाखाली होता. शिवाय चेंडू अनप्लेएबल ठरवल्याबद्दलचा एक फटका त्याने आधीच मोजला होता, आणि त्या होलवर त्याची बोगीच (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त) झाली.