थोरल्या पातीचं घंगाळ

सभेला मी लॅपटॉप घेऊन गेलो, ही माझी चूक. कुलमंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चिटणिसाची निवड चालू होती. सगळे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते, आणि अध्यक्षकाकांची नजर माझ्या मांडीवर गेली. "अरे वा, हा कॉम्प्युटरवाला दिसतोय!" सूचक, अनुमोदक, टाळ्या... सगळं अर्ध्या मिनिटात उरकलं. मी ऑफिसचं राहिलेलं काम संपवत बसलो होतो, एवढंच.

घरी परतताना माझ्याबरोबर दोन पत्र्याच्या ट्रंका आल्या. एकीत मंडळाचं दप्तर: इतिवृत्तं, पावतीपुस्तकं, जडवस्तूंची नोंदवही. दुसरीत आमचे पूर्वज. ट्रंकेला कुलूप होतं, किल्ली आधीच्या चिटणिसांकडे होती, आणि ते मुलाकडे परदेशी गेले होते. पूर्वजांची सुटका शेवटी पकडीने केली.

इतिवृत्तं वाचून माझा बराचसा ताण गेला. मंडळाची वार्षिक उद्दिष्टं दर वर्षी तीच होती. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढणे. तीनशे माहितीपत्रके भरून घेणे. आजीव सभासद वाढवणे. तरुण पिढीला मंडळाशी जोडणे. शाई बदलली होती, अक्षर बदललं होतं, मध्येच एका वर्षी टाइपरायटरही येऊन गेला होता; उद्दिष्टांना मात्र कोणी धक्का लावला नव्हता. तरुण पिढीचे प्रतिनिधी म्हणून जे गृहस्थ कार्यकारिणीवर होते, त्यांनी मागच्याच महिन्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली.

त्यात विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो तयार करताना लक्षात आलं, की आधीच्या दोन-तीन कार्यकारिणींनी तो दिलेलाच नाही. म्हणजे सरकारी कागदावर आमच्या मंडळाचे चिटणीस जे होते, त्यांच्या नावापुढे आमच्याच वंशावळीत कै. लागलेलं होतं. नोंदी ठेवणं हाच ज्या संस्थेचा उद्देश, तिची ही गत. वकील म्हणाले, "विलंबमाफीचा अर्ज जोडा." कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या.

मला तर त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांचा हेवा वाटायला लागलाय. गाव सांगा, आडनाव सांगा. ते वही काढतात आणि तुमचे खापरपणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते सहीसकट दाखवतात. कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी बैल घेऊन दारात येतो, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, घरात नवं जन्मलेलं नाव लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातो. या मंडळींना वार्षिक उद्दिष्टं नसतात. म्हणूनच बहुधा त्यांच्या वह्या भरलेल्या आहेत.

तर, माहितीपत्रकं. ग्रुपवर माहितीपत्रक टाकलं. बासष्ट जणांनी हात जोडले. माहिती एकानेही पाठवली नाही. मग फोन सुरू केले. रोज रात्री जेवणानंतर पाच. मेलेली माणसं त्या मानाने फार सहकार्य करतात हो. एकदा सापडली की जागची हलत नाहीत. जिवंत माणूस आधी विचारतो, "वर्गणी नाही ना?" मग म्हणतो, "हिला विचारून सांगतो." ही म्हणते, "माझी जन्मतारीख छापणार असाल तर आमचं घराणंच वगळा." एका चुलतभावाने पूर्ण नावाच्या रकान्यात 'पप्पू' लिहिलं आणि व्यवसायाच्या रकान्यात 'चौकशी कशासाठी?' असं विचारलं. नगरच्या आत्याचा फोन तर चाळीस मिनिटं चालला. आजोबांच्या काळातल्या पहिल्या आवृत्तीत मुलींची नावं नव्हती, नुसतं 'कन्या २' असं छापलं होतं. "त्यातली मी पहिली की दुसरी, तेवढं सांग," आत्या म्हणाली, "मग भरते तुझा फॉर्म." तिचं बरोबरच होतं. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एका पायरीवर प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज असतात. आम्ही त्यातला एक पुरुष पकडतो, त्याला मूळपुरुष म्हणतो आणि उरलेल्या १,०२३ जणांना सासर-माहेरच्या कुलवृत्तांतांवर सोडून देतो. नव्या आवृत्तीत मुली आणि त्यांची मुलं घ्यायची असं मी ठरवून टाकलं. ठराव नंतर करू.

नावांचा घोळ वेगळाच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे रामचंद्र विष्णू, विष्णू रामचंद्र, पुन्हा रामचंद्र विष्णू अशी सहा पिढ्यांची अंताक्षरी. त्यात लग्नात बायकोचं नाव बदलायचं, म्हणून चार लक्ष्मीबाई. कुठली कोणाची, हे बहुधा त्यांनाच माहीत.

अशाच एका रात्री मला ते दोन भाऊ भेटले. सख्खे. एकाच आईचे. थोरल्याचा जन्म १७९२, धाकट्याचा १८६५. छापील आवृत्तीत तसंच आहे आणि इतकी वर्षं कोणालाही त्या माउलीचं कौतुक वाटलेलं नाही. दोन भावांत ७३ वर्षांचं अंतर! थोडा वेळ डोकं खाजवलं आणि उजेड पडला: १७९२ हे शके. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८७०. धाकट्याचं साल मात्र आधीच इसवीत. म्हणजे थोरला पाच वर्षांनी धाकटा निघाला. मी खुशीत ते लाल अक्षरांत दुरुस्त केलं आणि कार्यकारिणीला पाठवून झोपलो.

सकाळी सातला बेल वाजली. दारात खजिनदारकाका. ते त्या थोरल्या भावाच्या वंशातले, म्हणजे थोरल्या पातीचे. संमेलनात कुलदैवताची पहिली आरती थोरल्या पातीची, पहिल्या पंगतीतलं पहिलं पान थोरल्या पातीचं. माझ्या ७८च्या बेरजेने त्यांची आरती, पान आणि बहुधा रात्रीची झोपही गेली होती. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"हा घे पुरावा," असं म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीत एक तांब्याचं घंगाळ ठेवलं. दोन कड्या, एका बाजूला पोचा, आत चुन्याचा पांढरा थर. मी चिंच-मीठ लावून काठ घासला. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं हळूहळू वर आली. नाव, त्यापुढे 'यांचे बारसे', आणि १७९२.

"काका, मागे शके आहे का सन?"

दोघांनी चष्मे लावले. नेमक्या त्याच जागी कडीचा रिव्हेट होता.

"७३ वर्षांचं काय मग?" मी विचारलं.

"पूर्वीची माणसं दणकट होती," खजिनदारकाका म्हणाले. चहा घेऊन ते निघाले, घंगाळ ठेवून गेले. मूळ पुरावा चिटणिसाच्या ताब्यात असावा, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या सभेत यंदाची उद्दिष्टं मंजूर झाली. जुनी चारही कायम, आणि इतक्या वर्षांत प्रथमच एक नवं: थोरली पाती कोणती हे ठरवण्यासाठी उपसमिती. निमंत्रक कोण, ते सांगत नाही. तोवर आरती दोन्ही पात्यांनी मिळून करायची असं ठरलं. ताम्हन एकच असल्याने ती जरा तिरकी झाली.

घंगाळ आता मंडळाचं, म्हणजे जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवणं आलं. 'घंगाळ, तांब्याचे, नग १, पोचा १.' सालाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे १७९२ लिहिलं. एकतीस मार्च झाला, हिशेब ऑडिटला गेले. परवा सीएंच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. बिचारी नवीन होती, फार अदबीने बोलत होती.

"सर, त्या भांड्यावर घसारा कुठल्या सालापासून धरायचा?"