‘डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत’

कोकणात, गोव्यात बोटीच्या तिकिटाच्या टेबलावर ही पाटी दिसली की आपल्याला बरं वाटतं. चोख व्यवहार! थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या पाट्यांचे फोटो यायला लागतात. ‘हा गॅरंटी देतो, याच्याकडेच बुक करा.’ माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जो गॅरंटी देतो, त्याच्या बोटीत बसूच नका.

डॉल्फिन दिसला नाही तर डिझेल बोटवाल्याच्या अंगावर. मग तो काय करणार? लांबवर पाठीवरचा पर दिसला की इंजिन पिळणार. त्याला बघून दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. ‘इकडे आहेत, या’ असे फोनही होतात. बघता बघता चार-सहा बोटींचं रिंगण तयार. डॉल्फिन खाली जातात, बोटी अंदाज बांधून पुढे जाऊन थांबतात, ते वर आले की परत घरघर सुरू. बोटीतली मंडळी टाळ्या पिटतात, कुणीतरी शिट्टी मारतं आणि एखादा हमखास म्हणतो, "उडी का मारत नाहीये यार?"

अरे बाबा, तो उड्या मारणाऱ्यातला नाहीच. टीव्हीवर चेंडू नाकावर खेळवणारा डॉल्फिन वेगळा. आपल्या किनाऱ्यालगत मुख्यतः दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. राखाडी अंग, पाठीवर लांबट उंचवटा, त्यावर छोटासा पर, लांबी अडीच मीटरच्या आसपास. स्वभाव बुजरा. श्वास घ्यायला वर येतो, पाठ वाकवतो, खाली जातो. लहर लागली तर क्वचित झेप घेतोही, पण ती त्याची लहर, आपली फर्माईश नव्हे. राहतो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, साधारण २५ मीटरपेक्षा कमी खोलीत, खाड्यांच्या तोंडाशी. म्हणजे बरोबर तिथे, जिथे आपली जाळी, आपलं सांडपाणी, आपले भराव आणि आपल्या बोटी. २०१७ पासून आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला काही वर्षं जातात. नुकसान भरून निघायला वेळ लागणार तो लागणारच.

आणि आवाजाचं काय? मुंबईच्या समुद्रात कोपरभर हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. असल्या पाण्यात डॉल्फिन डोळ्यांवर विसंबून राहत नाही. तो आवाज सोडतो, परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे ते ओळखतो. आई आणि पिल्लू एकमेकांना शोधतात तेही शिट्ट्यांवरून. वरातीतल्या डीजेसमोर उभं राहून फोनवर बोलून बघा, मग चार-सहा इंजिनांमध्ये त्या पिल्लाचं काय होत असेल ते कळेल.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मलबार हिलजवळच्या डॉल्फिनचे व्हिडिओ फिरले होते, आठवतात? ‘निसर्ग परत आला’ वगैरे. परत यायला ते गेले कुठे होते? कोणत्याही कोळ्याला विचारा. मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे, जुहू, या सगळ्या पट्ट्यात ते आधीपासून दिसायचे. नशीब असेल तर गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीतूनही दिसतात, पण त्या वेळी आपलं लक्ष सीगलला गाठी-शेव टाकण्यात असतं (तेही बंद करा, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे).

मागच्या थंडीत वरळी कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्या तांडेल काकांबरोबर (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) समुद्रात गेलो. ते धंद्यावर निघालेले, मी पाहुणा. बसल्या बसल्या आधी लाइफ जॅकेट घातलं. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हापासून घरच्यांनी ही अट घातलीय आणि ती रास्त आहे. कोस्टल रोडच्या पुलाखालून बाहेर पडताना काकांनी खांबांकडे बोट दाखवलं. दोन खांबांमध्ये आधी ६० मीटरच जागा ठेवणार होते. इथल्या कोळ्यांनी काम अडवलं, भांडले, तेव्हा ती १२० झाली. भरती-ओहोटीच्या ओढीत या चिंचोळ्या वाटेतून बोट काढणं म्हणजे काय असतं, ते त्या दिवशी समजलं.

बाहेर गेल्यावर इंजिन बंद करून जाळं ओढायला घेतलं. डॉल्फिनचा पत्ता नाही. मी मुंबईकरच, न राहवून विचारलं, "काका, आज येतील ना?" काका जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "ते काय आपल्या पगारावर हाय का, बोलावल्यावर यायला?"

बऱ्याच वेळाने मागून फुस्स असा आवाज आला. कुणीतरी पंपाची हवा सोडावी तसा. वळेपर्यंत पाठ खाली गेलेली. मग जरा पलीकडे दुसरी आणि तिला चिकटून एक लहान पाठ. कुणी त्यांच्या मागे लागलेलं नव्हतं, ते आपणहून आलेले, जाळ्याभोवतीच्या माशांसाठी. म्हणूनच काकांना त्यांचं फारसं कौतुक नाही. "मासा खातात ते खातात, वर जाळं फाडतात," एवढंच बोलले. मला हा हिशोब आवडला. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला डॉल्फिन गोड वाटलाच पाहिजे अशी सक्ती आपण गच्चीवरून करू नये.

उलट त्या माणसाचं नुकसान मोजणारी एक चांगली योजना आपल्याकडे आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित सागरी जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या भरपाईपोटी २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. कासव असो, देवमासा असो की डॉल्फिन. प्राणी वाचवायचा तर खर्च कुणीतरी उचलायला हवा, हे त्यात सरळ मान्य केलंय.

बोटीच्या फेरीलाही हाच न्याय लावा. पैसे फेरीचे द्या, डॉल्फिनचे नको. बसण्याआधीच सांगा, "दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देणार, पण मागे लागायचं नाही." लांबूनच वेग कमी करायचा, निदान पन्नास मीटर अलीकडे थांबायचं, समोरून आडवं जायचं नाही, आई आणि पिल्लाच्या मध्ये तर नाहीच नाही. आधीच दोन बोटी तिथे असतील तर आपण तिसरे व्हायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की निघायचं. ज्याचं डिझेल सुटलंय तो बोटवाला हे आनंदाने करेल. त्यालाही पळापळीची हौस नसते.

‘एवढ्याशा गोष्टीचा बाऊ का?’ असं कुणी विचारेलच. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे तिथेच. आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं नाही. पकडणं, हाकलत नेणं, आमिष दाखवणं हेही येतं. ताडोबात जिप्सीवाल्याने वाघाला घेरलं तर आपणच व्हिडिओ टाकून बोंब मारतो. समुद्रात मात्र त्याच घेरण्याला ‘पैसा वसूल’ म्हणतो.

म्हणून फेऱ्याच बंद करा म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. डॉल्फिनला टाकीत ठेवून खेळ करायला भारताने २०१३ मध्ये नकार दिला. फार चांगलं केलं. मग उरतो तो समुद्रच. तिथेही जाऊ नका म्हटलं, तर मुंबईच्या पोरांना डॉल्फिन फक्त मोबाइलवर दिसणार आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी उद्या कुणी भांडणार नाही. शिवाय मासळी कमी होत चाललेल्या गावांत या फेऱ्यांवर घरं चालतात, हे विसरून कसं चालेल?

या थंडीत पुन्हा बेत आहे, दापोलीकडे. सकाळी लवकर निघायचं, दुपारनंतर वारा उठतो. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. गॅरंटी कसलीच नाही, आणि उलटीची गोळी ज्याची त्याने आणायची.