प्लेटचा तुकडा ताणून स्लॅबचं निदान होत नाही

नमस्कार. ‘नायोबियममुळे भेगा पडतात’ असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की नायोबियम मिसळलेल्या स्टीलच्या प्लेटचा तुकडा ८०० अंश सेल्सिअसला ताणला तर तो मध्ये बारीक होत छान लांबला. मग कास्टरमध्ये (स्टील सलग ओतणाऱ्या यंत्रात) ओतलेल्या स्लॅबच्या कोपऱ्यावरच्या आडव्या भेगांचं खापर नायोबियमवर का? दोष सेकंडरी कूलिंगचा, म्हणजे साच्याबाहेर आलेल्या स्लॅबवर मारलेल्या पाण्याचा.

कूलिंगबद्दल अर्धं मान्य. पण चाचणी चुकली आहे.

रोल केलेल्या प्लेटचे ग्रेन (धातूचे स्फटिककण) बारीक असतात आणि त्यातलं नायोबियम आधीच कार्बन-नायट्रोजनशी जुळून कार्बोनायट्राइड होऊन बसलेलं असतं. ८०० अंशांना ते विरघळत नाही. कास्टरमधल्या स्लॅबमध्ये ऑस्टेनाइटचे (तापलेल्या स्टीलच्या स्फटिकरचनेचे) ग्रेन मिलिमीटरच्या घरात, ऑसिलेशन मार्कच्या (साचा वरखाली हलल्याने पडलेल्या वळाच्या) तळाशी आणखी मोठे, आणि नायोबियम विरघळलेलं. थंड होताना ते ग्रेन बाउंडरीवर अतिसूक्ष्म कणांनी बाहेर पडतं. त्यातच बाउंडरीवर फेराइटचा (गार होताना ऑस्टेनाइटपासून बनणाऱ्या रचनेचा) पातळ पदर धरतो. त्या तापमानाला फेराइट ऑस्टेनाइटपेक्षा मऊ, त्यामुळे स्ट्रेटनिंगचा (वाकून उतरणारा स्लॅब सरळ करतानाचा) एक-दोन टक्के ताण सगळा त्या पदरात एकवटतो, मँगनीज सल्फाइडच्या कणांभोवती पोकळ्या होतात आणि त्या जुळून भेग पडते. मऊ असणं आणि तन्य असणं (न तुटता लांबणं) इथे फारकत घेतात. फेराइट नसलेल्या वरच्या तापमानातही हे नायोबियमचे कण रीक्रिस्टलायझेशन (नवे ग्रेन तयार होणं) रोखतात. बाउंडरी जागची हलत नाही, मग भेग तिच्यावरून सरळ धावते. म्हणून साध्या कार्बन-मँगनीज स्टीलमधला तन्यतेचा अरुंद खड्डा (तन्यता घसरते तो तापमानाचा पट्टा) ०.०३ टक्के नायोबियमने ९५० अंशांच्या पुढेही पसरू शकतो.

चाचणी अशी घ्या: तुकडा १३३० अंशांना पाच मिनिटं धरा, मिनिटाला ६० अंशांनी उतरवा, मग सेकंदाला ०.००१ ते ०.००३ इतक्या संथ स्ट्रेन रेटने (लांबण्याच्या वेगाने) ताणा. भरभर ताणलं की ग्रेनना बाउंडरीवर एकमेकांवरून घसरायला वेळ मिळत नाही आणि आकडा फसवा, चांगला येतो. रिडक्शन ऑफ एरिया (तुटल्या जागी छेदाचं क्षेत्रफळ किती घटलं) ४० टक्क्यांखाली गेलं तर धोका समजा.

आता कूलिंग. ‘नायोबियममुळे भेगा पडतात’ हे माझं वाक्य अपुरं होतं. खड्डा नायोबियम रुंद करतं, कोपऱ्याला त्यात नेतं ते पाणी. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी फवारा पडतो, म्हणून कडेचे नोझल बंद ठेवून स्ट्रेटनिंगच्या वेळी कोपरा खड्ड्याच्या वर, साधारण ९५० ते १००० अंशांच्या पुढे राखणं हा माझ्या मते पहिला उपाय. ७०० पर्यंत गार होऊन पुन्हा ८५० वर आलेला कोपरा सगळ्यात वाईट, कारण त्या हेलकाव्यात कण आणखी सुटतात.

टायटॅनियमही सुचवलंत. नायोबियमच्या वाट्याला नायट्रोजन जाऊ नये हा त्याचा हेतू. ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) नायट्रोजन बांधायला हिशेबाने ०.०१७ टक्के टायटॅनियम लागतं, कारण टायटॅनियम-नायट्रोजनच्या वजनाचं प्रमाण ३.४२ आहे. पण टायटॅनियम नायट्राइडचे कण जाड झाले तरच उपयोग. कोपरा झपाट्याने गार झाला तर तेही बारीकच सुटतात आणि तन्यता आणखी घसरते.