लॉर्डसाहेबांकडे राहायला जाताय? मग हे वाचाच

१९०८ सालच्या इंग्लंडात कुठल्यातरी लॉर्डसाहेबांनी तुम्हाला गावाकडच्या हवेलीवर शनिवार ते सोमवार बोलावलंय ना, मग आराम करू हे आधी डोक्यातून काढा. कपडे कोण बदलणार? नाश्त्याचे वेगळे, बाहेर फिरायचे ट्वीडचे वेगळे, चहाचे वेगळे, रात्रीच्या जेवणाचं तर विचारूच नका, बाईमाणूस असेल तर निम्मा दिवस आरशासमोरच जातो आणि हुक सगळे पाठीवर, म्हणजे मेड सोबत न्यावीच लागते. तिचं नाव पाठ करायची गरज नाही, तिकडचे नोकर तिला तुमच्याच नावाने हाक मारतील.

सकाळी जाग येईल तेव्हा फायरप्लेस पेटलेली असेल आणि गरम पाणी हजर. हे आपोआप होतं असंच धरून चालायचं. पहाटे उठून राख उपसणारी, जाळी घासून काळी कुळकुळीत करणारी, पाण्याचे जड कॅन मागच्या जिन्याने वर ओढत आणणारी पोरगी तुम्हाला दिसता कामा नये. चुकून समोर आलीच तर काही घरांत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते, तुम्हीही भिंतच समजून पुढे जा. फूटमनकडे, म्हणजे वर्दीतल्या नोकराकडे, मात्र खुशाल बघा, तो दाखवायलाच ठेवलाय, उंची जास्त तर पगार जास्त, आणि सहा फुटी जोडी मिळाली की मालकांची कॉलर टाइट.

राजे सातव्या एडवर्डच्या सँड्रिंगहॅमच्या हवेलीला जात असाल तर घड्याळं अर्धा तास पुढे असतील, घाबरू नका. शिकारीला उजेड पुरत नाही, सूर्य काही ऐकत नाही, म्हणून घड्याळांना समजावलंय. शिवाय पाहुण्यांचं वजनही करतात, येताना आणि जाताना (वाढलं नाही तर पाहुणचार कमी पडला म्हणायचं). शिकारीची फारच हौस असेल तर डिसेंबर १९१३ पर्यंत थांबा, हॉल बार्न नावाच्या इस्टेटीवर तेव्हाचे राजे पाचवे जॉर्ज आणि मंडळी एका दिवसात जवळपास ४,००० फेझंट पक्षी पाडणार आहेत, खाणार कोण हे विचारायचं नाही.

आणि हो, जेवताना अर्थमंत्री लॉइड जॉर्जला शिव्या घालायला विसरू नका. आधी तो १९०९ च्या बजेटात जमिनीवर टॅक्स आणणार, मग १९११ साली नोकरांच्या विम्यासाठी मालकिणींनी दर आठवड्याला कार्डावर स्टॅम्प चिकटवायचा कायदा. बायका लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा घेणार, आम्ही स्टॅम्प चाटणार नाही म्हणून! चाटायला एक वेगळा फूटमन ठेवता येईल म्हणा, पण मग त्याच्याही कार्डावर स्टॅम्प आलाच.