देश भाडेपट्ट्यावर? दाखवा बरं कलम!

ऑगस्ट उजाडला की तोच जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. 1947 साली स्वातंत्र्य मिळालंच नाही, 99 वर्षांच्या करारावर नुसती सत्ता हस्तांतरित झाली, देश आजही इंग्लंडच्या राजाच्या मालकीचा. पुरावे काय, तर आपण राष्ट्रकुलात आहोत, लंडनमध्ये आपला राजदूत नसून उच्चायुक्त असतो, आणि राणीला इथे यायला व्हिसा लागत नसे.

ज्याला करार म्हणतात तो ब्रिटिश संसदेचा भारतीय स्वातंत्र्य कायदा. 18 जुलै 1947 रोजी त्याला राजाची संमती मिळाली. अवघी 20 कलमं आहेत, कुणीही तासाभरात वाचावीत. त्यात ना मुदत, ना भाडं. उलट सहावं कलम सांगतं की यापुढे ब्रिटिश संसदेचा कोणताही कायदा भारतीय विधिमंडळाने स्वतः स्वीकारल्याशिवाय इथे लागू होणार नाही, आणि खुद्द हा कायदासुद्धा भारताचं विधिमंडळ रद्द करू शकेल. असा कुठला घरमालक भाडेकरूला भाडेपट्टाच फाडायचा हक्क देतो? 99 वर्षांचा पट्टा इतिहासात आहे, पण तो 1898 चा, हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजचा. देणारा चीन, घेणारे इंग्रज.

उच्चायुक्त तर 2019 पर्यंत भारत आणि पाकिस्तानही एकमेकांकडे पाठवत होते. तिथे कोण कुणाचा गुलाम होता? राष्ट्रकुलात इंग्रजांची वसाहत कधीच नसलेला मोझांबिकही आहे. राहिला व्हिसा. ब्रिटिश पासपोर्ट राजाच्या नावानेच निघतात, म्हणून राजाकडे स्वतःचा पासपोर्टच नसतो. तो ब्रिटनचा घरगुती रिवाज, आपली गुलामी नव्हे.

मालकीच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे. 15 ऑगस्ट 1947 ते 26 जानेवारी 1950 भारत डोमिनियन होता, म्हणजे कारभार आपला, पण नावापुरता प्रमुख ब्रिटिश राजा, आणि सहावे जॉर्ज भारताचे राजे होते. शाळेत ही अडीच वर्षं घाईघाईत उरकतात, तिथेच अशा अफवांना जागा मिळते. पण हा राजा करत काय होता? जून 1948 मध्ये माउंटबॅटन गेले आणि राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल झाले. नेमणूक राजाच्या नावाने, निवड नेहरूंच्या मंत्रिमंडळाची. त्याच महिन्यात राजाच्या बिरुदावलीतून ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हे पदही गेलं. खुद्द ब्रिटनमध्ये तरी राजाचं कुठे चालतं? संसदेने मंजूर केलेलं विधेयक राजगादीने शेवटचं अडवलं ते 1708 साली, राणी ॲनच्या काळात.

आणि 1949 साली घटना तयार झाली तेव्हा ती संमतीसाठी राजाकडे किंवा गव्हर्नर जनरलकडे पाठवलीच नाही. घटना समितीचे अध्यक्ष म्हणून राजेंद्रप्रसादांची सही झाली, तेवढी पुरली. तिच्या 395 व्या कलमाने 1947 चा तो कायदा रद्दबातल केला. म्हणजे संदेशातला ‘करार’ 1950 पासून भारतात लागूच नाही. त्या कलमाने एक कायदा तेवढा मुद्दाम शाबूत ठेवला: लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, जाणारी अपिलं बंद करणारा, 1949 चा, आपल्याच घटना समितीने केलेला. ताईमहाराज प्रकरणात, म्हणजे दत्तकाच्या गाजलेल्या खटल्यात, टिळकांना 1915 साली अखेरचा निकाल याच प्रिव्ही कौन्सिलकडून मिळाला होता.